वार्षिक सभेला ३८ स्लाइड कोण बघणार?

प्रश्न: नमस्कार ताई, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. कॉम्प्युटर येतो म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेचं प्रेझेंटेशन दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की आमची सभा असते, शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. दीडशे-दोनशे सभासद येतात, बरेचसे वयस्कर. गेल्या वर्षी मागून कोणीतरी ओरडलं, 'कितेंच दिसना गो बाय!' आणि अख्खा हॉल हसला. यंदा ३८ स्लाइड केल्यात, ताळेबंद, नफातोटा, थकबाकी, शाखावार ठेवी, सगळं घातलंय कारण चेअरमनसाहेबांना काहीही सुटलेलं चालत नाही. त्यांना सगळ्या संचालकांचे फोटोपण हवेत आणि अक्षरं फिरत फिरत आलेली आवडतात. मला बोलायला वीस मिनिटं आहेत. थकबाकीची स्लाइड सोबत पाठवतेय, काय चुकतंय ते सांगा. आणि बोलू मराठीत की कोंकणीत? – एक क्लार्क, डिचोली

अगं बाय, स्लाइड बघितली. नऊ रकाने, चौदा ओळी, म्हणजे १२६ खाने, आणि प्रत्येकात पैशांपर्यंतचा आकडा. मी मोबाइलवर बोटांनी मोठी करून करून वाचली, तुझे सभासद पडद्याला बोटं लावून मोठी करू शकत नाहीत. वीस मिनिटांत ३८ स्लाइड म्हणजे एकीला जेमतेम अर्धा मिनिट, त्यात १२६ खाने कोण वाचणार, आणि त्याच वेळी तू बोलतेयस ते कोण ऐकणार?

पण खरं सांगू का, तुझं डिझाइन वाईट नाहीये. रंग बरे आहेत, लोगो जागच्या जागी आहे. भानगड वेगळी आहे, तू एकाच फाइलला तीन कामं लावलीयस. सभासदांना दाखवायचं तीच, तुला बोलताना आठवण करून द्यायची तीच, आणि चेअरमनसाहेबांसाठी 'सगळं आलंय' याचा पुरावापण तीच. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो ना वही घेऊन, त्याच्याशिवाय नाटक पुढे सरकत नाही, पण म्हणून कोणी त्याला वहीसकट स्टेजच्या मधोमध आणून उभा करत नाही. तुझ्या ३८ मधल्या निम्म्या स्लाइड म्हणजे ही वही आहे, ती तुझ्या हातात हवी, पडद्यावर नको.

तर पहिल्यांदा ही तीन कामं सुटी कर. संस्थेचा छापील अहवाल सभासदांना सभेआधी जातोच ना, ताळेबंद, नफातोटा पत्रक, लेखापरीक्षकांचा अहवाल, शाखावार तक्ते, सगळं त्यात असतं. मग तेच परत भिंतीवर कशाला? कागदावर माणूस चष्मा लावून, आपल्या गतीने, मागेपुढे करत वाचतो, तक्त्याची जागा तिथेच. तुला बोलताना लागणारे मुद्दे पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या खाली नोट्सचा रकाना असतो त्यात टाक. प्रेझेंटर व्ह्यू लावलास की ते फक्त तुझ्या लॅपटॉपवर दिसतात, पडद्यावर नुसती स्लाइड. त्यासाठी विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडावं लागतं. 'डुप्लिकेट' राहिलं तर तुझ्या लॅपटॉपवर जे काही आहे ते जसंच्या तसं पडद्यावर जातं, नोट्स दिसत असतील तर नोट्ससकट, मग हसायला हॉलला नवीन विषय. आणि प्रेझेंटर व्ह्यूवर भरवसा नसेल तर साधे दोन कागद हातात धर, त्यात कसला कमीपणा नाही.

मग पडद्यासाठी उरतं काय? सभासद रविवारची सकाळ मोडून कशाला आलाय ते बघ. माझे पैसे सुरक्षित आहेत ना, लाभांश किती, बुडवणाऱ्यांचं काय केलंत, आणि पुढच्या वर्षी व्याजदर, शाखा यात काय बदलणार. दोनशेतले एकशेनव्वद लोक या चार प्रश्नांची उत्तरं घेऊन घरी जातात, उरलेले दहा अहवाल पाठ करून आलेले असतात, त्यांचं नंतर बघू. चार प्रश्नांना प्रत्येकी दोन स्लाइड धरल्या तरी आठ होतात, ठरावांच्या वेगळ्या. गाय कावासाकी नावाच्या गृहस्थाचा १०-२०-३० असा एक नियम सांगतात, दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. तो त्याने गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला येणाऱ्या कंपन्यांसाठी सांगितला होता, तुझी सभा ती नव्हे, त्यामुळे दहाचा आकडा देवाचा शब्द समजू नकोस. तीसचं मात्र मनावर घे, तुझ्या हॉलला तर त्याहून मोठंच लागेल.

ठरावांच्या स्लाइड वेगळ्या म्हटलं ते मुद्दाम. 'स्लाइडवर कमी शब्द' हा नियम सगळे सांगतात, पण नफा वाटणीचा किंवा लेखापरीक्षक नेमणुकीचा ठराव मंजुरीला येतो तेव्हा त्याचा शब्दन्शब्द पडद्यावर पाहिजे, कारण लोक नेमक्या त्याच शब्दांना हात वर करणार आहेत. तिथे थोडक्यात आशय वगैरे नको. ठराव लांब असला तर दोन स्लाइडवर तोड, अक्षर बारीक करू नकोस.

आता तुझी थकबाकी. शीर्षक काय, तर 'थकबाकी व वसुलीचा शाखावार तपशील'. हे वाचून सभासदाला काय कळलं? काहीच नाही, फक्त खाली थकबाकीबद्दल काहीतरी आहे एवढंच. शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्य लिही, चहा पिताना शेजाऱ्याला सांगशील तसलं. तुझे खरे आकडे इथे देत नाही, समज गेल्या वर्षी कर्जाच्या दर शंभर रुपयांमागे नऊ अडकले होते आणि यंदा सहा आहेत, तर शीर्षक: 'थकबाकी कमी झाली: शंभरामागे ९ रुपयांवरून ६ रुपयांवर'. खाली दोनच खांब, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा, खांबाच्या डोक्यावर आकडा मोठ्या अक्षरात. बाजूच्या रेघा, खालची जाळी, कुठला रंग कशाचा ते सांगणारी ती पेटी, सगळं काढून टाक, दोन खांबांना पेटी कशाला लागते?

पण एवढ्यावर थांबू नकोस, कारण तुझं टेबल नीट वाचलं तर त्यात दुसरी एक गोष्ट लपलीय. जवळजवळ सगळीकडे वसुली सुधारलीय आणि एका शाखेत बिघडलीय, चांगलीच बिघडलीय. ती अकराव्या ओळीत आहे, त्याच बारीक अक्षरात, त्याच रंगात, मुद्दाम लपवली असती तरी याहून चांगली लपली नसती. तू लपवलेली नाहीस हे मला माहितीये, पण अकराव्या ओळीत लपायला कोणी लपवावंच लागतं असं नाही.

हे मी उगाच ताणून धरत नाहीये. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोईंगच्या इंजिनिअरांनी किती धोका आहे ते नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाइडवरून सांगितलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर धीर यावा असं, आणि सगळ्यात तळाला, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, बारीक अक्षरात, असं की हा अंदाज ज्या चाचण्यांवरून काढला त्यातला तुकडा ३ घन इंचाचा होता आणि हा अंदाजे १९२० घन इंचाचा आहे. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं, कल्पना चावलासकट सातही जण गेले. स्लाइडमुळे यान पडलं असं कोणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने केलेली चिरफाड छापली आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवरच काम भागवायच्या नासाच्या सवयीवर टीका केली. माहिती पूर्ण होती, खोटं काही नव्हतं, वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं सारखंच दिसलं, उलट महत्त्वाचं आणखी लहान.

म्हणून त्या शाखेला स्वतःची स्लाइड दे. 'अमुक शाखेची थकबाकी वाढली' असं वर सरळ लिही. खाली सगळ्या शाखांचे आडवे खांब, बाकी सगळे राखाडी आणि ही एक शाखा गडद नारिंगी किंवा निळी. लाल-हिरव्याची जोडी टाळ, त्या दोन रंगांतला फरक न कळणारे पुरुष सभासदांत एक-दोन तरी निघतातच आणि ते कधी सांगत नाहीत. मग पुढच्या स्लाइडवर संस्था त्याचं काय करतेय, किती खात्यांवर नोटिसा गेल्या, किती दावे लागले. हे तुम्ही आपणहून पहिल्यांदा सांगितलंत तर ती माहिती असते, आणि तेच अहवालातून कोणी निवृत्त मास्तर पान दाखवून उभे राहून विचारतील तेव्हा तो आरोप असतो, आणि डिचोलीत निवृत्त मास्तरांना तोटा नाही. थकबाकीदारांची नावं मात्र पडद्यावर नकोत, कोणी कितीही ओरडलं तरी. एक फोटो निघाला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर गावभर, आणि मग कोर्टाच्या पायऱ्या संस्थेने चढायच्या.

आकडे बोलतो तसे लिही. १,२४,५६,७८९.३५ असा आकडा कागदावर ठीक, पडद्यावर 'सव्वा कोटी' म्हण किंवा १.२५ कोटी लिही. गोळाबेरीज केली म्हणून कोणी फसवलं म्हणणार नाही कारण पैशापर्यंतचा आकडा अहवालात आहे, आणि स्लाइडच्या कोपऱ्यात 'अहवाल पान १२' असं बारीक लिहून ठेव म्हणजे ज्याला बघायचंय तो पान उघडेल. ही पान नंबरची युक्ती मला फार आवडते, फुकट आहे, आणि माणूस हातातला अहवाल वारा घ्यायला न वापरता उघडून बघतो.

खांबांचा आलेख शून्यापासून सुरू कर. ठेवी ४८ कोटींवरून ५० वर गेल्या असतील समज, आणि आलेख ४७ पासून सुरू केलास तर दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो, चेअरमन खूश होतात आणि हिशेब कळणारा माणूस तिथेच तुझ्यावरचा विश्वास घालवून बसतो. जाड वाटोळा थ्रीडी पाय चार्ट पण नको, त्यात पुढे आलेला तुकडा उगाच मोठा दिसतो.

भाषेचं विचारलंस. माझं मत, लिही मराठीत आणि बोल कोंकणीत. अहवाल मराठी, नोटीस मराठी, वाचायची सवय मराठीची, पण तुझे सभासद घरी आणि बाजारात कोंकणी बोलतात, समजावून सांगायचं ते त्याच भाषेत पोचतं. ठराव तेवढा छापलाय तसाच मराठीत वाच. याचा एक आडून फायदा असा की स्लाइड वाचून दाखवायची तुला सोयच राहत नाही. आणि वाचून दाखवणं हा प्रेझेंटेशनमधला सगळ्यात मोठा रोग आहे, लोक तुझ्या आधी वाचून मोकळे होतात आणि मग तू वाक्य संपवेपर्यंत छताकडे बघत बसतात. रिचर्ड मेयर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, चित्र दाखवून बोलून समजावलं तर माणसाला जास्त समजतं, आणि तेच शब्द पडद्यावर परत लिहून वाचून दाखवले तर उलट कमी.

आता 'कितेंच दिसना' वाल्या काकांकडे येऊ, त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. हॉलमध्ये जाऊन दोन मापं घे, पडद्याची रुंदी आणि पडद्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंतचं अंतर. समज पडदा आठ फूट रुंद आणि शेवटची रांग छप्पन फुटांवर, म्हणजे सात पट. तुझ्या पंधरा इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण तेरा इंच रुंद असते, तेराची सात पट एक्याण्णव इंच, साडेसात फूट. स्लाइड फुल स्क्रीन करून लॅपटॉपपासून साडेसात फूट लांब जाऊन उभी राहा, तुला जेवढं दिसेल तेवढंच शेवटच्या रांगेला दिसणार आहे. आणि तू तरुण आहेस, म्हणून हे घरी आईला किंवा आजीला उभं करून बघ. तिला वाचता आलं नाही तर अक्षर वाढव, आणि वाढवल्यावर मावत नसेल तर शब्द काढ. उलटं करू नकोस.

उजेडाचं म्हणशील तर, प्रोजेक्टर फक्त उजेड फेकतो, काळोख फेकता येत नाही त्याला. स्लाइडवर जिथे काळं आहे तिथे तो काहीच टाकत नाही, मग तिथे पडदा खिडकीच्या उजेडात जेवढा पांढरा दिसतो तेवढाच दिसतो. म्हणून सकाळच्या उघड्या हॉलमध्ये तुझी ती गडद निळी पार्श्वभूमी धुपून राखाडी होते आणि तिच्यावरची पिवळी अक्षरं तरंगत राहतात. पांढरी पार्श्वभूमी, जवळजवळ काळी जाड अक्षरं, बास. पडदा खिडक्यांच्या समोर लावू नका, आणि पडद्यावरच्या दोन ट्यूबलाइट तेवढ्या बंद करा, सगळा हॉल अंधार करायची गरज नाही, पोट भरून आलेले लोक आहेत, झोपतील.

फॉन्टचं प्रकरण आपल्याकडे वेगळंच आहे, इंग्रजीवाल्यांना ते भोगावं लागत नाही. अहवालाचा मजकूर प्रेसवाल्याकडून येतो, तो बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, तुम्ही तो कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये चिकटवता, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असतो म्हणून सगळं छान दिसतं, आणि शाळेच्या लॅपटॉपवर उघडलं की 'ताळेबंद'च्या जागी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यामुळे सगळं युनिकोडमध्ये पाहिजे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरी ही देवनागरीच दिसते त्या पद्धतीत. कन्व्हर्टर वापरलास तरी एकदा डोळ्याखालून घाल, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, 'कर्ज'चं काहीतरी भलतंच होतं. फॉन्ट विंडोजमधला निर्मला यूआय चालेल, नाहीतर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात. ओळींमधलं अंतर थोडं वाढव, आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर टिक कर, म्हणजे फॉन्ट फाइलसोबतच जातो, आणि तरीही पीडीएफची एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवच, कारण काही फॉन्ट एम्बेड होत नाहीत. शक्यतो स्वतःचाच लॅपटॉप ने. शाळेचा प्रोजेक्टर जुना असला तर त्याला नुसती व्हीजीएची वायर लागते आणि नवीन लॅपटॉपला बऱ्याचदा ती लावायची जागाच नसते, तेव्हा जोडायचा कन्व्हर्टर लागेल का ते आधी बघ. जुना प्रोजेक्टर चौकोनी चित्राचा असला तर रुंद स्लाइडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षर आणखी लहान होतं, हेही तिथेच कळेल.

चेअरमनसाहेब. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांची अडचण खरी आहे. कोणी उठून विचारलं आणि 'ते स्लाइडवर नाही' म्हणायची वेळ आली तर तोंड त्यांचं जातं. म्हणून ३८ पैकी एकही स्लाइड डिलीट करू नकोस. तुझ्या निवडलेल्या स्लाइड संपल्या की एक नुसती काळी स्लाइड टाक, आणि उरलेल्या सगळ्या तिच्या मागे. कोणी सांखळी शाखेच्या ठेवी विचारल्या तर स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मार, थेट तिथे उडी. कुठल्या नंबरवर काय आहे त्याची यादी कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटव. साहेबांना सांगताना 'कमी केल्या' असं म्हणू नकोस, 'सगळ्या आहेत, विचारलं की लगेच दाखवता येतात' असं सांग, जे खरंच आहे.

संचालकांचे फोटो सभा सुरू व्हायच्या आधी लाव. लोक सह्या करतात, चहा घेतात, खुर्च्या पकडतात, तो अर्धा-पाऊण तास पडदा तसाही रिकामा असतो. प्रत्येक संचालकाला आख्खी स्लाइड दे, मोठा फोटो, नाव, दहा सेकंदांनी आपोआप पुढे, संपलं की परत पहिल्यापासून. आठ-आठ वेळा फोटो झळकला तर तक्रार कोण करणार? फिरत येणारी अक्षरंही त्या फोटोंनाच लाव, साहेबांची हौस भागेल. आकड्यांच्या स्लाइडवर मात्र एकच गोष्ट चालेल, गेल्या वर्षीचा खांब आधी, तू बोलून झालीस की क्लिक, मग यंदाचा.

बोलताना कधी सगळ्यांचं लक्ष पडद्यावरून काढून तुझ्याकडे घ्यायचं असलं, लाभांश जाहीर करताना वगैरे, तर बी दाब, पडदा काळा होतो, परत बी दाबला की स्लाइड परत. मध्येच बाहेर पडलीस तर नुसत्या एफ ५ ने पहिल्यापासून सुरू होतं, शिफ्ट धरून एफ ५ दाबलास तर जिथे होतीस तिथूनच. आणि पावसाचे दिवस, वीज जाणारच असं धरून चल. गेली तर इन्व्हर्टरची वाट बघत उभी राहू नकोस, 'पान १२ उघडा' म्हण आणि बोलत राहा, पान नंबर त्यासाठीपण आहेत.

घरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघ, मनातल्या मनात नको, मनात सगळंच पटकन होतं. वीस मिनिटं दिलीत म्हणजे तू पंधरात संपवायचं, मध्ये कोणी ना कोणी बोलणारच. थकबाकीच्या स्लाइडना त्यातली पाच मिनिटं दे, लाभांशाला एक मिनिट पुरे, त्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही मापं, उजेड, वायर हे सगळं सभेच्या आदल्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला बघायला जा, सभा ज्या वेळेला असते त्याच वेळेला, संध्याकाळी गेलीस तर खिडकीचा उजेड कळणार नाही. शनिवारी शाळा सुरू असली तर हॉल मोकळा मिळेल की नाही आणि किल्ली कोणाकडे आहे ते शिपायाला आजच फोन करून विचार.